खळमामांची रजा

पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या त्या कारखान्यात त्यांना सगळे खळमामा म्हणत. पुठ्ठ्याचे थर खळीनं चिकटवणारं मशीन त्यांच्याकडे होतं आणि खळीचे डाग त्यांच्या मनगटावरून कधी गेलेच नाहीत. माणूस कामाचा, पण राग नाकाच्या शेंड्यावर. मशीन असं, की चालू सोडून कुठे गेलं तर खळ रोलरवर वाळून दगड व्हायची. म्हणून तिथली रीत ठरलेली होती. रजा हवी असेल तर पाळी सुटताना ओरडून सांगायचं आणि कुणीतरी "जा, मी आहे" म्हणेपर्यंत जायचं नाही. साहेबांची सही नंतर. त्या "जा"शिवाय खळमामा स्वतःच्या लग्नालाही गेले नसते, असं लोक म्हणत.

मग नवे साहेब आले आणि त्यांच्याबरोबर ॲप आलं. आरडाओरडा बंद. रजा, बिघाड, माल, जे काय सांगायचं ते ॲपवर. साहेबांनी सगळ्यांना गोळा करून घडाघडा शिकवलं आणि विचारलं, "कुणाला काही शंका?" खळमामांना शंका एवढ्या होत्या की सुरुवात कुठून करावी ते कळेना. म्हणून ते गप्प बसले.

नेमकं तेव्हाच मामींचं ऑपरेशन ठरलं. पित्ताशयातले खडे काढायचे होते. डॉक्टरांच्या लेखी रोजचंच काम, पण मामींनी भुलीचा धसका घेतला होता.

"मला बाकी काही नको," त्या म्हणाल्या. "आत नेताना तुम्ही समोर दिसा, बस्स. मग काय कापायचं ते कापू देत."

खळमामांनी चष्मा लावून एका बोटानं ॲपवर लिहिलं, "गुरुवारी सकाळी बायकोचं ऑपरेशन आहे. मशीन कोण बघेल?" आणि वाट बघत बसले.

उत्तर नाही. त्यांच्या ओळीखाली सोबत्यांचे बटणाएवढे फोटो तेवढे उमटले आणि शेजारी एक आकडा. आधी दोन, मग पाच, मग नऊ. हे काय प्रकरण आहे? खळमामांनी बरंच डोकं खाजवून अर्थ लावला: एवढ्यांनी वाचलं. वाचलं आणि मिठाची गुळणी धरून बसले! फोरमनचा फोटो होता. खोक्यांना तारेचे टाके घालणाऱ्या शिलाईवाल्या बाईंचाही होता, ज्यांच्या आजारपणात मामांनी दोन मशीनं सांभाळली होती. मामांना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

बरं, तोंडानं विचारायला काय झालं होतं? पण नाही. "वाचलंय ना सगळ्यांनी? मग मी का पाया पडू?" असं म्हणून स्वारी फुगून बसली.

जेवणाच्या सुट्टीत शिलाईवाल्या बाईंनी विचारलं, "मामी बऱ्या आहेत ना?"

"आहेत," म्हणून मामा डबा उचलून दुसऱ्या बाकावर गेले. बिचाऱ्यांना घोर लागलाय, असं बाईंना वाटलं. मामा मात्र चक्रावले. ही बाई तोंडावर इतकी गोड, मग तिकडे मुकी कशी?

बुधवारी संध्याकाळी मामींनी विचारलं, "मिळाली का हो रजा?"

"तुझी बहीण आहेच की सोबत," मामा म्हणाले. मामी पिशवीत टॉवेल भरत राहिल्या.

गुरुवारी मामा कामावर आले, तर त्यांच्या मशीनवर फोरमन बाह्या सरसावून उभा.

"मामा? तुम्ही इथे काय करताय?"

"म्हणजे? माझी पाळी आहे."

"अहो, आज ऑपरेशन ना? जा म्हणून सांगितलं की तुम्हाला!"

"कुणी सांगितलं?"

"सगळ्यांनीच!"

फोरमननं त्यांचा फोन घेतला आणि त्या आकड्यावर बोट ठेवलं. घडी उलगडावी तसं सगळं बाहेर आलं. "जा मामा, मी आहे," हा फोरमन. "दुपारनंतर मी बघते," या शिलाईवाल्या बाई. कुणी रक्त द्यायला तयार, कुणी मामींना धीर देतंय. साहेबांकडून रजा मंजूर. आणि सगळ्यात खाली पुन्हा बाई: "मामा, वाचलंत ना?"

"हे... हे कुठे होतं?"

"इथेच. खाली. तो आकडा उत्तरांचा असतो, मामा."

खळमामांना हसावं की रडावं कळेना. आपण इतके दिवस नक्की कुणावर रागावलो होतो, तेही कळेना. बाईंनी त्यांना अक्षरशः फाटकाबाहेर ढकललं, तेव्हा कुठे पाय हलले.

ते दवाखान्यात धापा टाकत पोहोचले, तेव्हा मेहुणी मामींच्या बांगड्या मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. "आत्ताच आत नेलं," ती म्हणाली.

ऑपरेशन नीट झालं. दुपारी मामींनी डोळे उघडले.

"सोडलं नाही का कुणी?"

"सगळ्यांनी सोडलं होतं."

"मग?"

मामांनी फोन काढला. हे फोटो, हा आकडा, इथे बोट ठेवलं की खाली असं उघडतं, असं ते घाईघाईनं समजावू लागले. मामींनी फोन हातानं बाजूला सारला.

"मला नका दाखवू ते," त्या म्हणाल्या. "मी दारापर्यंत मान वळवून बघत होते."