पालथ्या बोटीची गोष्ट

मी पाडलेल्या भोकांत आजवर कुणालाही खोट काढता आलेली नाही.

बाळांनो, तुम्ही तिकडे समुद्राच्या काठी राहता, बोटी रोज बघता. तुम्हाला यात विशेष काही वाटणार नाही. पण आम्ही घाटावरची माणसं. आमचा समुद्र म्हणजे रंकाळा, आणि त्यात पोहतात त्या म्हशी! ही गोष्ट पन्नासच्या दशकाच्या अखेरीची. तेव्हा मी बी.ए. इंग्लिश होऊन, लग्न करून, कोल्हापुरातल्या या घरात बऱ्यापैकी रुळले होते आणि घराला शिस्त लावण्याचं काम हाती घेतलं होतं. (घराने ते मागितलेलं नव्हतं.)

माझे सासरे, म्हणजे मामंजी, संस्थानच्या काळात रस्ते-पुलांच्या कामावर ओव्हरसियर होते. त्यांचा धाकटा मुलगा वसंत घरात न विचारता मालवाहू जहाजावर नोकरीला लागला. मामंजींनी त्याचं नाव टाकलं. "पाण्यावर कुणाचा संसार टिकलाय व्हय? बुडणार हाय ते पोरगं," एवढं बोलून त्यांनी जे तोंड मिटलं, ते कित्येक वर्षं मिटलेलंच. वसंतभावजींनी घरी यायचं नाही आणि कुणी त्यांना बोलवायचं नाही, असा नियम झाला. माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणे. दर सणाला त्या एक पान जास्त वाढायच्या आणि नंतर ते गाईला घालायच्या.

त्या हिवाळ्यात मामंजी आजारी पडले ते खाटेलाच खिळले. बातमी कळली तसं वसंतभावजींनी विलायतेहून एक खोकं पाठवलं. आत हातभर लांबीची, पांढरी, गुळगुळीत बोट. म्हणजे बोटीचं नुसतं अंग. सोबत बॅटरीवर चालणारी मोटार, एक दांडा आणि पितळेचा पंखा. दांडा बाहेर काढायला भोक मात्र आपण पाडायचं होतं.

"कशाची हाय?" मामंजींनी विचारलं. वसंताने पाठवलेल्या वस्तूबद्दल त्यांनी तोंड उघडलं, हेच आश्चर्य!

"फायबरग्लासची," तुमचे आजोबा म्हणाले. ते वकील. ठाऊक नसलेली गोष्टही ते ठामपणे सांगत. "काचेच्या धाग्यांची."

"काचंची बोट? फुटंल की!"

"फुटत नाही, आबा."

मामंजींनी बोटीवर टिचकी मारून बघितली. मग म्हणाले, "ठीक हाय. रंकाळ्यात सोडा. मला न्या बघायला. त्यानं पाठवलेली वस्तू पाण्यावर टिकली, तर तोबी टिकंल म्हणायचं. मग कळवा त्याला, ये म्हणावं."

आत्याबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातातलं ताट खाली पडलं नाही, पण वाजलं.

म्हणजे आता सगळं त्या भोकावर आलं होतं.

तुमच्या आजोबांनी ताबडतोब हातोडा आणि खिळा आणला. मी तो काढून घेतला. आत्याबाई म्हणाल्या, "सळई तापवून घाल. मी रवीच्या दांड्याला अशीच भोकं पाडते." बोटीच्या कडेला एक जास्तीची पट्टी होती, तिच्यावर सळई टेकवून बघितली. असा काही वास सुटला की शेजारच्या हौसाक्का भिंतीवरून ओरडल्या, "अगं बाई, काय जाळताय? रबर काय? आमचा चहा नासला की!"

मग मी शांतपणे विचार केला. (शांतपणे विचार करून केलेल्या माझ्या चुकाच सर्वांत मोठ्या ठरल्या आहेत.) शेजारच्या सुताराकडून भोकं पाडायचा, दोरीने फिरवायचा सामता मागून आणला. बोटीच्या आत लाकडाचा ठोकळा धरला, बाहेरून दवाखान्यातली चिकटपट्टी लावली म्हणजे कड उडू नये, आणि पट्टीवर पेन्सिलीने खूण केली. सामता सावकाश फिरवला. मग बारीक गोल कानस. भोक असं पडलं की जणू बोट ते घेऊनच जन्माला आली होती! दांडा आत गेला, बाजूने मेण बसवलं, थेंबभर पाणी शिरेना.

इथे थांबायला हवं होतं. पण मामंजींनी भोकावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "झ्याक! आता खिडक्या पाडा."

"खिडक्या कशाला, आबा?"

"कशाला म्हंजे? माणसं गुदमरतील की आत!" जन्मभर सरकारी बंगल्यांना हवा येते की नाही हे बघण्यात गेलेला माणूस तो.

मामंजींनी माझं कौतुक करायची ती पहिलीच वेळ होती. मी खिडक्या पाडायच्या ठरवल्या. आणि त्यासाठी दिवस निवडला चटणीचा.

चटणीचा दिवस तुम्हाला कसा सांगू! वर्षाची मिरची, कांदा, लसूण, खोबरं भाजून घरामागच्या परड्यात कुटायचं. सगळा वाडा शिंकतो, खोकतो, डोळे पुसतो. मी हिशेब केला: फायबरग्लासचा भुगा उडतो, नाकातोंडात जातो. चटणीच्या दिवशी सगळ्यांनी नाकातोंडाला ओली फडकी बांधलेलीच असतात. एकाच फडक्यात दोन कामं! अशी काटकसर विलायतेतही कुणाला सुचली नसती.

आता आत्याबाईंचा एक कडक नियम सांगायला हवा. आमच्या घरात रिकामं भांडं कधी उताणं ठेवायचं नाही. घासलं, पुसलं, पालथं घातलं. उताणं राहिलं की घरात उपास पडतो, असं त्या मानत. मी नवीन सून असताना या नियमाला हसले होते, पण पुढे मीच त्याची सर्वांत कडक पहारेकरीण झाले. पेला उताणा दिसला की माझा हात आपोआप जाई.

तर मी बोट स्वच्छ धुतली, पुसली, आणि परड्यातल्या कट्ट्यावर ठेवली. कशी ठेवली हे तुम्हाला कळलंच असेल. मला कळलं नाही.

त्या बोटीला खालच्या बाजूला, पोट आणि कूस मिळते तिथे, एक ठळक कंगोरा होता. पालथ्या बोटीत तो वर आला आणि मला छताची कड वाटला. मी मोजपट्टी घेतली, त्या कंगोऱ्यापासून दोन बोटं खाली रेघ मारली. खिडक्या छताच्या जवळ असाव्यात, एवढं मला शिक्षणाने ठाऊक होतं. कर्कटकाने सारख्या अंतरावर गोल काढले, चिकटपट्टी लावली, सामता फिरवला, कानस फिरवली. दोन्ही कुशींना अगदी समोरासमोर. पांढरा भुगा वाऱ्याबरोबर कुठे जातोय हे मी पाहिलं नाही. तो वाळत घातलेल्या कपड्यांवर जात होता.

दुपारी आजोबांनी धुतलेला सदरा घातला आणि अंग खाजवायला लागले. मग आत्याबाई. मग मदतीला आलेल्या हौसाक्का, कारण त्यांनी घाम पुसायला आमचा पंचा घेतला होता.

"मिरचीच तसली हाय!" हौसाक्का कडाडल्या. "म्या सांगितलं हुतं, त्या मिरचीवाल्याकडनं घेऊ नगा म्हून!"

आत्याबाई तशाच उठल्या, मिरचीवाल्याच्या दारात जाऊन त्याचं घराणं उद्धारून आल्या. तो बिचारा हातात मिरची घेऊन स्वतःच्या दंडावर घासून दाखवत होता, "बघा काकू, खाजत न्हाय! बघा की!"

संध्याकाळी हौसाक्कांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुला गं का खाजत न्हाय?"

"मी शिस्तीत पूर्ण बाह्यांचं पोलकं घातलं होतं," मी म्हणाले. त्या दिवशी एवढंच पुरलं. दुसऱ्या दिवशी भुग्याचं बिंग फुटलं आणि मिरचीवाल्याकडे मला जाऊन गूळ द्यावा लागला.

आजोबांनी मोटार बसवताना बोट सुलटी केली. आत डोकावून म्हणाले, "खिडक्या जरा खाली आल्यात का?"

मी उत्तर देण्याआधी खाटेवरून मामंजी म्हणाले, "बरोबर हाय. बसलेल्या माणसाच्या डोळ्याला यायला पायजे खिडकी." त्यांना तिथून नीट दिसत नव्हतं. पण ओव्हरसियरची मंजुरी मिळाली!

रंकाळ्याला टांग्याने गेलो. मामंजींना खुर्चीत बसवलं, पायांवर घोंगडं. आम्ही बाकीचे त्यांच्या मागे एका ओळीत, गंभीर चेहऱ्याने, खाजवत. (धुणं दोनदा पुन्हा धुतलं होतं. भुगा हटला नव्हता.) आत्याबाईंनी बोटीला हळदकुंकू लावलं आणि डोळे मिटले. त्या काय मागत होत्या हे सगळ्यांना माहीत होतं. आजोबांनी मोटार सुरू केली, बोट पाण्यावर ठेवली आणि सोडली.

ती निघाली! पंखा फिरला, मागे पाण्याची रेघ उठली. मामंजी खुर्चीत पुढे सरकले. "चालली की! चालली बघ!" आत्याबाईंनी डोळे उघडले.

आणि बोट बुडायला लागली.

मी तुम्हाला एक गोष्ट अभिमानाने सांगते. दोन्ही कुशींची भोकं इतकी समान होती की ती कुठेही कलली नाही. सरळ, ताठ, सभेत मान्यवर खाली बसतात तशी ती खाली बसली.

काठावर म्हशी धूत असलेला एक माणूस ओरडला, "ओ पावणं, पाणबुडी हाय काय?"

आमचं खाजवणं थांबलं. आत्याबाई पाण्याकडे बघत होत्या, जिथे आता नुसते बुडबुडे होते. माझ्या मनात आलं, एका आईचा मुलगा मी पट्टी लावून, मोजून, बुडवला.

म्हशीवाल्याने बुडी मारून बोट वर आणली. मामंजींनी ती मांडीवर घेतली. पाणी सगळ्या खिडक्यांतून एकसारखं वाहून गेलं. त्यांनी एकेका भोकावरून अंगठा फिरवला. मग बोट पालथी केली. मग सुलटी केली. मग माझ्याकडे पाहिलं.

"सूनबाई, पालथी घालून पाडलीस व्हय?"

"हो, मामंजी."

"भांडं म्हून?"

"...हो."

त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं खोकल्याची ढास लागली. पण ते हसत होते! त्या सबंध हिवाळ्यात आम्ही न ऐकलेला आवाज. हसता हसता डोळे पुसत ते आत्याबाईंना म्हणाले, "अगं, पोराची बोट चांगली हुती. चालली हुती की न्हाय? तिला बुडवायला आपल्या घरचीच माणसं पुरली! समुद्रावर ते पोरगं सुखरूप हाय. हितं ऱ्हायलं असतं तर कवाच बुडालं असतं." आणि मग, पाण्याकडे बघत, हळू आवाजात, "बोलवा त्याला. ये म्हणावं."

आत्याबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच झटकून दूर केला. "मेलं खाजतंय!" म्हणून त्या रडल्या.

वसंतभावजी पुढच्या रजेला आले. मामंजी तोवर काठी घेऊन परड्यात फिरू लागले होते. बापलेकांनी बोटीत माती भरून पुदिना लावला. तो पुढे कित्येक वर्षं उत्तम आला, कारण जास्तीचं पाणी खिडक्यांतून व्यवस्थित निथळायचं. भावजींनी भोकांच्या कडा नीट तपासल्या आणि म्हणाले, "वहिनी, गोदीतसुद्धा इतकं स्वच्छ काम बघितलं नाही मी. फक्त आमच्या जहाजावर येऊ नका."

माझ्या घरात अजूनही सगळी भांडी पालथीच असतात. शिस्त मी सोडलेली नाही. फक्त आता कशालाही पट्टी लावण्याआधी ती वस्तू उचलून दुसऱ्या बाजूने बघते, आणि माझ्या हातात पट्टी दिसली की तुमचे आजोबा अजून विचारतात, "कुणाला घरी बोलवायचंय का?"