पायाशी बसणारे डॉक्टर

डॉक्टर भास्करराव यांना मी प्रथम पाहिले ते एका रोग्याच्या पायाशी. कॉलेज सोडून मला बरीच वर्षे झाली होती, आणि सांगलीच्या आमच्या रुग्णालयात बायकांच्या विभागाची डॉक्टर म्हणून मी त्याच सकाळी रुजू झाले होते. कृष्णेवरचे धुके खिडकीतून आत आले होते. त्या पांढुरक्या उजेडात डोळे मिटून, रोग्याच्या घोट्यावर बोटे टेकवून ते बसले होते; लांबच्या ओढ्याचा आवाज ऐकावा तसे. मी विचारले, "दुखणे छातीचे, मग आपण पायाशी का?" डोळे न उघडता ते म्हणाले, "तिथून निघालेलं रक्त इथवर पोचतं का, ते बघतोय."

या सवयीचे मोल कळले ते सखूच्या वेळी. महायुद्ध नुकतेच संपले होते. सखू आटपाडीकडच्या मेंढपाळ घरची सून. कित्येक आठवड्यांचा ताप. गावी हिवताप समजून क्विनीन दिलेले. डॉक्टरांनी छाती तपासून ओळखले, की हृदयाच्या झडपेला जंतूंची लागण झाली आहे. अशा झडपेवर बारीक गुठळ्या धरतात. एखादी सुटली की रक्ताबरोबर वाहत जाऊन हातापायाची वाट अडवते. नव्यानेच मिळू लागलेले पेनिसिलीन त्यांनी खटपट करून आणवले.

पण डॉक्टर पायाशी बसले की सखू पाय पोटाशी घेई. वडीलधाऱ्यांनी सुनेच्या पायाला हात लावायचा म्हणजे काय! पायात कळ उठली तेव्हाही तिने ते फक्त सासूला सांगितले. सासूबाईंनी आवारातल्या चुलीवर वीट तापवून फडक्यात गुंडाळून आणली. डॉक्टरांनी ती दारातच अडवली.

"पाय दाखव, पोरी."

"आवं न्हाई, पाप लागंल मला."

"पाप मला लागू दे. तू पाय दे."

पाऊल पहाटेच्या नदीतल्या गोट्यासारखे गार होते. घोट्याशी नाडीचा ठोका नव्हता.

"गार पडलाय, तर शेकू द्या की!" सासूबाई म्हणाल्या.

"रक्तच पोचत नाही तिथं. शेकलंत तर भाजेल, आणि तिला कळणारही नाही."

सखू म्हणाली, "पाय गेला तर मेंढरांमागं कोन जाईल?"

शेक नाही, मालीश नाही. पाय कापसात गुंडाळून जरा उतरता ठेवला, इंजेक्शने चालूच. तापात सखू माळावरच्या मेंढरांना हाका मारी. डॉक्टर "येतायत, येतायत" म्हणत आणि घोट्यावरची बोटे हलवत नसत. एका दुपारी त्यांनी मला खुणेने बोलावले. मी बोटे टेकवली. पाऊल कोमट होते, आणि आत काहीतरी अगदी हलके हलत होते. पायाची करंगळी गेली, पाय राहिला.

डॉक्टर वेळेवर जेवत नाहीत आणि त्यांचे अक्षर कंपाउंडरलाही लागत नाही, हे त्यांच्या या गौरवग्रंथातही लिहिणे मला भाग आहे.

त्यांच्या साठीनिमित्त परवा सखू आली. स्वतःच्या पायांनी चालत. ती नमस्काराला वाकली, तर डॉक्टरांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"आवं डाक्टर," ती म्हणाली, "मी पाय लपीवलं तवा 'पाय दे' म्हनलासा! आता तुमी लपवू नगासा."

 डॉक्टरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि निदान वाढदिवशी तरी त्यांनी पाय मागे घेऊ नयेत.