गालिच्याखालचा गाळ

गाडीतल्या अत्तराचा उग्र वास आला की मला भूगावची ती सकाळ आठवते. जमीन विकून आलेल्या पैशांतून माझे वडील, आबा, डोंगरात चालणारी जुनी आलिशान परदेशी जीप घेणार होते. हार-नारळ घेऊनच आम्ही गेलो. मामा हौसेने हॉर्न वाजवत होते. घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. गाडीत अत्तराच्या उग्र वासाआडून कुबट वास येत होता, म्हणून मी बिचकतच पायाखालचा गालिचा उचलला. खाली वाळलेला गाळ होता. "आबा, ही गाडी पाण्यात बुडलेली दिसते." गाडीचा मालक हसला, "पोरींना काय कळतंय गाडीतलं?" आबांनी गाळ बोटांत चोळला. "गाडीतलं मलाबी कळत न्हाई, पर गाळ कळतोय की." त्यांनी नारळ माझ्या हातात दिला. "म्होरली गाडी तूच बघायची." चांगली गाडी मिळेपर्यंत तो नारळ सुकला, पण फोडला मीच. अजूनही कुणी गाडी बघायला नेलं, की आधी माझा हात गालिच्याकडे जातो.