तो व्हिडिओ मीच पाठवला होता

म्हाळू गेल्याचा फोन आला तेव्हा मी चौसाळ्याच्या बसथांब्यावर होतो. त्याच्या मेव्हण्यानं बातमी सांगितली आणि लगेच बजावलं, "लोकायला कावीळ झालती म्हणून सांगा..." कावून? कुत्रं चावून माणूस मेला यात लाज कसली? चार आठवडे होत आले, अजून तेच ऐकतोय, 'नशीब त्याचं'. नशीब कसलं बोडक्याचं! माझा दोस्त एका खोट्या व्हिडिओमुळं गेला आणि तो व्हिडिओ त्याला मीच पाठवला होता. गप बसा म्हणणाऱ्यांनी हेही वाचावं.

शाळेत आम्ही एका बाकावर. पुढं मी शेतीत राहिलो, तो बापाच्या मेंढरांमागं गेला. लई चिकित्सक गडी! सिरसाळ्याच्या बाजारात मेंढा घ्यायचा तर आधी दात बघणार, मग खुरं, मग "कुणाच्या कळपातला हाय?" म्हणून मालकाचं डोकं खाणार. मी वैतागायचो, "मेंढा घेतोस का सोयरीक जुळवतोस?"

"सोयरीक फसली तर निभावता येतं बे," तो हसायचा, "मेंढा न्हाई."

मेंढरांना लस टोचून घेण्यात त्याच्याइतका पक्का कुणी नव्हता. तीच सवय नडली. रानात पिसाळलेलं कुत्रं कोकरावर धावलं, हा मधे पडला, पोटरीला चावा बसला. सरकारी दवाखान्यात जाऊन पहिलं इंजेक्शन घेतलं, कार्डावर पुढच्या तारखा मिळाल्या. मग मला फोन. "मेंढराचं एका सुईत वरीस निघतं, मला कावून इतक्या? बघ की मोबाइलात." मी बघितलं. एका व्हिडिओत पांढरा कोट, गळ्यात नळी घातलेला एक जण अर्ध्या मिनिटात ठणकावून सांगत होता... एकच इंजेक्शन पुरे, बाकी कंपन्यांचा धंदा. मी तो पुढं ढकलला. म्हाळूला तेवढंच हवं होतं. कळप घेऊन तो डोंगरात निघून गेला.

शेवटचं भेटलो ते दवाखान्यात. पाण्याचा पेला दिसला तरी त्याचा गळा आवळत होता. डॉक्टर म्हणाले, सगळी इंजेक्शनं वेळेवर घेतली असती तर ही वेळ आली नसती. मधेच शांत झाला तेव्हा म्हाळूनं मला विचारलं, "त्यो कोटवाला... कुठल्या गावचा हाय?" दोघांनीही त्या माणसाचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. नंतर मी त्या व्हिडिओखाली लिहिलं, तुझं शिक्षण काय ते सांग. त्यानं मला ब्लॉक केलं. करू दे! आता मी बाजारात, पारावर, जिथं चार माणसं दिसतील तिथं हे सांगतो. तुमचंच नाव खराब होतंय म्हणतात. होऊ द्या.

त्याची शुश्रूषा करताना लाळ लागली म्हणून डॉक्टरांनी सोजर वहिनींनाही लस घ्यायला सांगितली. आमच्याकडं नवरा गेल्यावर महिनाभर बाईनं उंबरा ओलांडायचा नसतो. वहिनींनी तीनदा ओलांडला. काल चौथ्या सुईसाठी न्यायला गेलो, तर भावकीतली माणसं दारात उभी. "तीन झाल्या की. आता आन् कशाला?"

खुंटीला म्हाळूचं कार्ड अडकवलेलं आहे. पहिल्या तारखेपुढं शिक्का, खाली सगळं कोरं. वहिनींनी ते काढलं, त्यांच्यापुढं धरलं आणि पायात चपला घातल्या.

"ह्यांनाबी एकीवर भागंल म्हणून सांगितलं व्हतं," त्या म्हणाल्या. "भाऊजी, गाडी काढा."