पेवातली मुलगी

गेल्या उन्हाळ्यात अमरावतीच्या आमच्या घरात रोज दुपारी एका परक्या देशातली मुलगी यायची. मी किशोरांसाठीच्या एका कादंबरीचं भाषांतर करत होते. त्या देशात सैनिकांनी एका जमातीची गावंच्या गावं मारून संपवली आणि बारा वर्षांची एक पोर तेवढी वाचली, त्याची ती गोष्ट. जेवणं झाली की सकाळी लिहिलेली पानं मी सासूबाईंना वाचून दाखवायची. त्यांना आता अक्षर दिसत नाही, पण कान तिखट. मराठी कुठे अडखळली की त्या डोळे न उघडताच "हं?" म्हणत, आणि मी मुकाट्याने ते वाक्य खोडायची.

कूलरच्या घरघरीत आम्ही दोघी अर्ध्या झोपेत असायचो. पुस्तकातली नदी सासूबाईंच्या माहेरच्या, अकोटकडच्या नाल्याला येऊन मिळायची. तिथल्या डोंगरांवर सातपुड्याची निळाई चढायची. मधेच त्या विचारत, "जेवली का थे पोट्टी?"

"अजून नाही, आई."

मग जरा वेळ दोघींनाही वाईट वाटायचं.

पाचव्या प्रकरणात सैनिक वेशीवर येतात आणि बाप मुलीला धान्याच्या तळघरात लपवतो. 'तळघर' मला पुस्तकी वाटत होतं. दोन दिवस डोकं खाजवल्यावर 'पेव' सापडलं. अंगणात खोल खणलेलं, ज्वारी भरून वरून झाकण लिंपून टाकलेलं पेव. आता ते कुठे दिसत नाही, पण शब्द कसा आपल्या मातीतला! स्वतःवरच खूश होऊन त्या दुपारी मी जरा आवाज चढवूनच वाचलं. बापाने पेवाचं झाकण उघडलं, मुलीला आत सोडलं आणि म्हणाला, "इथे तू कोणाला सापडणार नाहीस."

सासूबाई उठून बसल्या.

"पेव कधी उघडलं होतं?"

"आत्ताच, आई. सैनिक आलेत ना."

"मंग मेली थे."

मला हसू आलं. म्हटलं, अजून बारा प्रकरणं आहेत, आत्ताच मरून कसं चालेल? त्या हसल्या नाहीत.

"बंद पेवात खराब हवा रायते, बाई. झाकन काढून दिवसभर उघडं ठेवा लागते. मंग दोरीनं कंदील सोडून पाहा लागते. इझला तं मानूस उतरवत नाईत. काढ तिले बाहीर."

"आई, गोष्ट आहे ती."

त्या म्हणाल्या, "माहा लहाना भाऊ गेल्ता तसा. लपाछपी खेळून राह्यलो होतो आमी. मीच म्हटलं त्याले, पेवात लप, तिथं कोनाले सापडनार नाईस."

माझी मलाच लाज वाटली. शब्द मी नुसता चव बघून उचलला होता. त्यात उतरलेल्या माणसाचं काय होतं, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

संध्याकाळी ती पानं पुन्हा लिहिली. पेव खोडून तळघर आणलं. मूळ पुस्तकात त्याला वरच्या बाजूला एक झरोका होता, पेवापायी मी तो गाळला होता. तोही परत बसवला.

दुसऱ्या दिवशी वाचताना सासूबाईंचा हात माझ्या गुडघ्यावर होता. गोष्टीत तीन दिवसांनी मुलगी शिडी चढून वर येते. अंगणात ऊन असतं, दोरीवर कपडे वाळत असतात आणि अख्ख्या गावात कोणी नसतं.

"वाचली?"

"वाचली, आई."

त्यांनी मोठा श्वास सोडला. त्यांना झोप लागली असं मला वाटत होतं, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "तिले कोनी बोललं तं नाई ना?"

"नाही." बोलायला तिथे कोणी उरलंच नव्हतं, पण ते मी सांगितलं नाही.

"मले बी नाई बोललं कोनी. माय बी नाई. बोलले असते तं बरं झालं असतं."

मी कागद बाजूला ठेवले आणि त्यांच्या भावाचं नाव विचारलं. लग्न होऊन मला या घरात बावीस वर्षं झाली. ते नाव मी त्या दुपारी पहिल्यांदा ऐकलं.