डावखुरा टाका

विम्याच्या दाव्याची तपासणी करायला मी वाडीच्या एका गोदामात गेले होते. गिऱ्हाइकाने मोबाइलवर फुटलेल्या पोत्यांचा फोटो पाठवला होता. मालक पोती शिवणाऱ्या बाईवर खेकसला, "दिसून राहिलं न वं? तुहीच शिलाई उसवली. उद्यापासून येऊ नको."

तिने पदराला हात पुसले आणि फोटो बोटांनी मोठा केला.

"हे पोतं आपलं नाही. मी डावखुरी आहो, माहा टाका डावीकडे झुकते. हा पाहा, उजवीकडे."

फोटो उलटवलेला नव्हता, पोत्यावरची छापील अक्षरं सरळ होती. गोदामात रचलेल्या पोत्यांच्या थप्पीतले सगळे टाके मात्र डावीकडे झुकलेले.

मी जबाबावर सही मागितली. तिने गोणपाटाच्या तुकड्यावर वीतभर शिवण घातली.

"सही काहून? हे लावा, मॅडम."

अहवालाला मी तो तुकडाच जोडला.