काकांची काठी आणि कार्पेट टाइल्स

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण लोकांच्या घरात गुडघे टेकून काम करणाऱ्यांकडे असले किस्से आपोआप साठत जातात. नव्वदच्या दशकात बडोद्यात कार्पेटची फॅशन आली, तेव्हा मी आणि माझे पार्टनर जयंतीभाई सयाजीगंजमधून कार्पेट टाइल्स बसवायला जायचो. भाड्याच्या घरात गोंद नाही. कोपऱ्यांना डबल टेप लावायची, घर सोडताना टाइल्स उचलायच्या.

*

एका प्रोफेसरांच्या हॉलमधली एक टाइल रोज सकाळी फिरलेली असायची. वरच्या धाग्यांची लव उलटी, म्हणून रंग गडद दिसायचा. कामवालीवर संशय घेऊन त्यांनी हॉलला कुलूप लावलं. टाइल फिरलेलीच!

"टेपची गॅरंटी आहे ना?" ते तडकले.

"साहेब, गॅरंटी टेपची," जयंतीभाई म्हणाले, "घराची नहीं!"

*

शेवटी प्रोफेसरांना टाइल बदलून दिली आणि तीच आम्ही गुपचूप दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे खपवली. त्यांचा कुत्रा हॉलभर लोळायचा, पण त्या एका टाइलला वळसा घालायचा.

"डिझाइन समजतं हो त्याला!" मालकीणबाई खूश. आम्ही चहा न घेताच निघालो.

*

छाणीच्या काकूंचं मात्र वेगळं होतं. काका गेल्यावर त्या एकट्याच राहायच्या. दुपारी आडव्या झाल्या, की दारापासून लादीवर काकांच्या काठीची टकटक सुरू व्हायची. झोप उडाली, बीपी वाढलं. मुलगा मागे लागला होता, "घर विक आणि पुण्याला ये." घर सोडणं काकूंच्या अगदी जिवावर आलं होतं.

"टाइल्स बसवा, पण कायमच्या नकोत," त्या म्हणाल्या. "आवाज थांबतो का बघू."

"बेन, चिंता ना करो," जयंतीभाई म्हणाले.

आवाज खरंच थांबला.

*

महिन्याभरात काकूंचा फोन. "काढून टाका त्या टाइल्स."

"आवाज परत येतो का?"

"येत नाही, म्हणूनच! आधी निदान हे कुठे आहेत ते कळायचं. आता घर नुसतं रिकामं. जाते मी पुण्याला."



टाइल्स उचलण्याआधी जयंतीभाई ब्रशने लव उलटी घासायचे, म्हणजे धूळ निघते. दारापाशी त्यांनी ब्रश फिरवला आणि थांबले. लवेत चपलांचे ठसे दबले होते, बाजूला काठीचे गोल खड्डे. कितीही घासलं तरी जाईनात. ठसे थेट काकूंच्या कॉटपर्यंत गेले होते. परत फिरल्याचा एकही नव्हता.

 काकूंनी वाकून ते नीट पाहिले आणि त्या कॉटवर जरा सरकून बसल्या.

"राहू द्या मग," त्या म्हणाल्या. "आणि या कॉटजवळच्या टाइलचा कोपरा वर आलाय बघा. इथे गोंद लावा. यांचा पाय अडकायला नको!"